उभ्या विमानाची जबाबदारी कुणाची?

मराठवाड्यात वळवाच्या पावसाआधी वारा येतो. एप्रिल-मे महिन्यांतील तापलेल्या दुपारनंतर धाराशिव, तुळजापूर, भूम, वाशी, कळंब या पट्ट्यात आभाळ काळवंडते, धुळीचे लोट उठतात आणि पावसाचा पहिला थेंब पडण्यापूर्वीच घरांवरचे पत्रे उडालेले असतात. बालाघाटाच्या पठारावरील या वाऱ्याचा हिशेब पवनचक्की उभारणाऱ्या कंपन्यांनी केव्हाच मांडला. जिल्ह्याच्या माळरानांवर त्यांचे मनोरे दिमाखात उभे आहेत. पत्र्यावर दगड आणि वाळूची पोती ठेवणाऱ्या गावकऱ्यानेही तो आपल्या परीने पिढ्यान्‌पिढ्या मांडला आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतील धावपट्ट्यांना नवे आयुष्य देण्याच्या घोषणांमध्ये मात्र हा हिशेब अभावानेच आढळतो.

वैमानिक प्रशिक्षणाचा व्यवसाय महानगरांतून लहान गावांकडे सरकतो आहे. बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ मध्ये जुहूला सुरू झाला. त्याचे प्रशिक्षण आता धुळ्याच्या धावपट्टीवरून चालते. गोंदियाजवळ बिरसीला, शिरपूरला, जळगावला, बारामतीला प्रशिक्षण संस्थांनी बस्तान बसवले. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ मध्ये प्रवासी सेवा सुरू झाली आणि तेथेच एअर इंडियाने ३४ प्रशिक्षण विमानांची मोठी संस्था उभारण्याचे ठरवले. धाराशिवची गोष्ट वेगळी. लातूर, नांदेड, यवतमाळ आणि बारामतीसह येथील धावपट्टी २००९ च्या सुमारास औद्योगिक विकास महामंडळाने खासगी विकासकाला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली. अपेक्षित विकास झाला नाही आणि ही विमानतळे परत घेण्याची भाषा राज्य सरकारला पुढे वारंवार करावी लागली. या धावपट्टीचे भवितव्य पुढे काहीही ठरो, तिच्यावर जी विमाने उतरतील ती बहुतांशी दोन किंवा चार आसनांचीच असतील, आणि त्यांतील काही रात्री उघड्यावर उभी राहतील, एवढे धरून चालायला हरकत नाही.

उघड्यावर उभे असलेले लहान विमान ही वाऱ्याच्या दृष्टीने विलक्षण वस्तू आहे. ट्रक, बस किंवा पत्र्याची शेड यांना वारा ढकलतो. विमानाला तो ढकलतो आणि वर उचलतोही. विमान चालत आहे की उभे आहे, हे पंखाला कळत नाही. त्याच्यावरून हवा वाहू लागली की तो आपले काम सुरू करतो. प्रशिक्षणासाठी जगभर वापरले जाणारे सेस्ना १७२ हे चार आसनी विमान घ्या. त्याचे रिकामे वजन साधारण साडेसातशे किलो, पूर्ण भरलेले वजन अकराशे किलोच्या आसपास. ताशी सुमारे ९० किलोमीटर वेगालाही हे भरलेले विमान हवेत तग धरू शकते. उचल ही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. वेग दुप्पट झाला की उचल चौपट होते. हवामान खात्याच्या इशाऱ्यात ‘ताशी ५० ते ६० किलोमीटर वेगाने वारे’ असे शब्द वाचताना शहरी वाचकाला फार तर झाड पडण्याची धास्ती वाटते. याच वाऱ्यात समोरून आलेल्या झोताने विमानाचे नाक उचलले गेले, तर पंख सुमारे चारशे किलोंचा भार पेलू शकतात. म्हणजे रिकाम्या विमानाचे निम्म्याहून अधिक वजन चाकांवरून उतरते. ते उडून जात नाही, पण जमिनीवरील त्याची पकड सुटू लागते. त्यानंतर बाजूने एक झोत आला की एक पंख उचलला जातो, दुसऱ्याचे टोक जमिनीला टेकते आणि पुढचे काम भंगारवाल्याचे.

मोठी विमाने या संकटातून सुटली आहेत असेही नाही. १७ डिसेंबर २०२३ रोजी ब्यूनोस आयर्सच्या शहरी विमानतळावर उभे असलेले बोईंग ७३७ जातीचे विमान वादळाने जागच्या जागी फिरवले आणि ते शिडीवर जाऊन आदळले. २८ मे २०२४ रोजी अमेरिकेतील डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळावर त्याच जातीचे दुसरे विमान वाऱ्याने दरवाजापासून दूर ढकलले. लहान विमानांच्या बाबतीत फ्लोरिडातील लेकलंड येथील ३१ मार्च २०११ चा प्रसंग अधिक बोलका आहे. हौशी वैमानिकांच्या वार्षिक मेळाव्यासाठी तेथे शेकडो विमाने गवतावर उभी होती. मेळाव्यावर चक्रीवात आला आणि डझनांवारी विमानांचे नुकसान झाले. त्यांतील अनेक विमाने बांधलेली होती. दोष बांधण्याच्या प्रकारात होता. जमिनीत फिरवून बसवायच्या हलक्या मेखा मातीतून उपटून निघाल्या आणि मेखेसकट सुटलेले विमान शेजारच्या विमानावर जाऊन पडले.

मेख कशात रोवली आहे, हा प्रश्न धाराशिवसारख्या जिल्ह्यात विशेष महत्त्वाचा ठरतो. येथील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. मेमध्ये घट्ट वाटणारी मेख जूनमध्ये हाताने हलते, हे जनावरे बांधणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. माळावर मुरूम आणि खाली खडक असेल तर मेख पुरेशी खोल जातच नाही. अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाने या विषयावर फार पूर्वीच मार्गदर्शिका काढली आहे. तिच्यानुसार एक इंजिनाच्या विमानासाठी प्रत्येक आधारबिंदूने साधारण तीन हजार पौंड, म्हणजे साडेतेराशे किलोंच्या आसपास ओढ सोसली पाहिजे; दोन इंजिनांच्या हलक्या विमानासाठी हा आकडा अठराशे किलोंच्या घरात जातो. असे तीन बिंदू लागतात, दोन पंखांखाली आणि एक शेपटीखाली. दोन फूट लांब, रुंद आणि खोल असा काँक्रीटचा ठोकळा साधारण पाचशे किलोंचा भरतो. म्हणजे नुसत्या वजनावर भिस्त ठेवून भागत नाही. तो जमिनीत पुरेसा खोल गाडलेला असावा लागतो आणि त्यातील लोखंडी कडी गंजलेली नसावी लागते. यात अवघड असे काही नाही. गावातील गवंडी हे काम दोन दिवसांत करू शकतो. अवघड आहे ते धावपट्टीच्या नकाशात या कड्यांना जागा मिळवून देणे.

दोराचीही स्वतंत्र कथा आहे. काथ्याचा किंवा अंबाडीचा दोर भिजला की आखडतो. कोरडा असताना ताणून बांधला तर पावसात तो पंखालाच पीळ घालतो. आखडण्याच्या भीतीने तो सैल सोडला, तर झोतागणिक विमान उसळी घेते आणि प्रत्येक उसळीला कडीला हिसका बसतो. म्हणून नायलॉनसारखे दोर वापरावेत, ते फार ताणू नयेत व फार सैलही सोडू नयेत, विमानाला इंचभर हालचाल करता यावी इतपतच ढील ठेवावी, असा जगभरचा रिवाज आहे. दोर बांधायचा तो विमानाला त्यासाठीच दिलेल्या कडीत. पंखाला आधार देणाऱ्या तिरक्या दांड्याला बांधलेला दोर घसरतो आणि दांडा वाकवतो. शक्यतो नाक वाऱ्याकडे करावे, चाकांच्या पुढे-मागे ठोकळे लावावेत आणि हलणारी सुकाणूफळे जागीच कुलूपबंद करावीत, हेही याच शिस्तीत येते. सूर्याच्या उन्हात नायलॉनचा दोर वर्षभरात कमजोर होतो, ही साधी गोष्ट मात्र पुस्तकापेक्षा जाणत्या मेकॅनिककडूनच कळते.

नाक वाऱ्याकडे करण्याचा नियम वळवाच्या बाबतीत अपुरा पडतो, ही आपल्याकडील खरी अडचण आहे. मोसमी पावसात वारा पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून वाहतो. विमान त्या दिशेला तोंड करून ठेवता येते. वळवात वारा ढगाच्या पोटातून येतो. पावसाच्या सरींबरोबर थंड, जड हवा खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूबाजूंना पसरते. ढग ज्या बाजूला, त्या बाजूने झोत. दुपारी पश्चिमेकडून येणारा वारा अर्ध्या तासात पूर्वेकडून येऊ शकतो आणि तेव्हा विमानाची शेपटी वाऱ्यासमोर असते. अशा झोताने उलटी बाजू पकडली, की सुकाणूफळे जोराने आपटतात, त्यांच्या बिजागऱ्यांना आणि तारांना ताण बसतो. बाहेरून काही दिसत नाही.

धोका खरा येथेच आहे. उलटलेले विमान डोळ्यांना दिसते, ते कुणी उडवत नाही. रात्रभर दोराला हिसके देत उभे राहिलेले आणि सकाळी जागच्या जागी शाबूत दिसणारे विमान मात्र पहाटेच्या पहिल्या फेरीला बाहेर पडते, कारण उन्हाळ्यात प्रशिक्षणाच्या उड्डाणांना पहाटेची शांत हवाच सोयीची असते. त्यात बसणारा विद्यार्थी अठरा-वीस वर्षांचा असतो. व्यावसायिक परवान्यासाठी त्याला दोनशे तासांचे उड्डाण पूर्ण करायचे असते, घरच्यांनी त्यासाठी लाखो रुपये कर्जाऊ काढलेले असतात आणि विमाने कमी पडल्याने त्याची पाळी आधीच लांबलेली असते. ‘रात्रीच्या वाऱ्यानंतर हे विमान अभियंत्याने तपासले आहे काय?’ असा प्रश्न विचारून आपली पाळी घालवण्याची अपेक्षा त्याच्याकडून करणे अन्यायाचे आहे. तो प्रश्न संस्थेच्या नोंदवहीनेच विचारला पाहिजे.

कुलूपबंद केलेली सुकाणूफळे उड्डाणापूर्वी मोकळी करायला विसरणे, हा याच नाण्याचा दुसरा भाग. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत बोईंगचे नवे बॉम्बर विमान चाचणी उड्डाणात कोसळले ते या विसराळूपणामुळे आणि वैमानिकांच्या हातात तपासणी यादी आली ती त्यातूनच. त्यानंतर जवळजवळ ऐंशी वर्षांनी, ३१ मे २०१४ रोजी, मॅसॅच्युसेट्समधील बेडफर्ड येथे एक आलिशान खासगी जेट विमान याच कारणाने धावपट्टीबाहेर गेले आणि सात जण मृत्युमुखी पडले. वाऱ्यापासून राखण्याचे साधनही शिस्तीविना घातक ठरते, ते असे.

आपल्याकडे जबाबदारीची विभागणी हा यातील सर्वांत ढिला दोर आहे. धावपट्टी एका महामंडळाची, भाडेपट्टा दुसऱ्या कंपनीकडे, प्रशिक्षण संस्था तिसरी, विमान कधी चौथ्याच्या मालकीचे. उभे विमान कुठे बांधायचे याची सोय धावपट्टीच्या धन्याने करायची की संस्थेने, हे करारात लिहिलेले नसेल, तर वादळानंतरच्या पत्रव्यवहारात त्यावर वाद होतो. हवामानाच्या इशाऱ्याचेही असेच. विमानतळावर उभ्या असलेल्या विमानांसाठी स्वतंत्र इशारा देण्याची पद्धत आंतरराष्ट्रीय नियमांत आहे आणि हवामान खात्याची विमानतळांवरील कार्यालये असे इशारे देतात. ज्या धावपट्टीला हवामान सेवा जोडलेलीच नाही, तिच्या रखवालदाराच्या हाती जिल्ह्यापुरता सर्वसाधारण इशारा आणि आभाळाकडे लावलेले डोळे एवढेच उरते. हवामान खात्याचे तीन तासांचे तातडीचे अंदाज आता भ्रमणध्वनीवर मिळतात, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. मात्र तो संदेश पाहून संध्याकाळी सहा वाजता विमाने हँगरमध्ये ढकलायला माणसे हजर असली पाहिजेत.

हँगर हे अर्थातच सर्वोत्तम उत्तर आहे, पण ते महाग आहे आणि हलके हँगर वादळात विमानांवरच कोसळू शकते. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला धुळीच्या वादळात जाहिरातफलक कोसळून १७ जणांचा बळी गेला. पाया आणि परवानगी यांची हेळसांड केलेला सांगाडा वाऱ्यात काय करतो, हे त्या संध्याकाळी शहराने पाहिले. लहान धावपट्टीवर घाईने उभारलेल्या पत्र्याच्या शेडला याहून वेगळा न्याय लागण्याचे कारण नाही.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालय अलीकडे प्रशिक्षण संस्थांकडे अधिक काटेकोरपणे पाहू लागले आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमाने पडल्यानंतर संबंधित संस्थेचे प्रशिक्षण थांबवण्यात आले. २०२५ मध्ये संस्थांची श्रेणीवारी सुरू झाली. पहिल्याच फेरीत सर्वोच्च दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही. या श्रेणीवारीत सुरक्षेला गुण आहेत. त्या गुणांमध्ये किती विमाने छपराखाली, किती पक्क्या कड्यांना बांधलेली आणि वादळी रात्रीनंतर किती तपासणीच्या नोंदी झाल्या, हे तीन आकडे मागवणे अवघड नाही. निरीक्षकाने भर दुपारी केलेल्या पाहणीत त्यांपैकी दोन तर नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

जुहूच्या धावपट्टीवर १९३२ मध्ये जे. आर. डी. टाटांनी टपाल विमानसेवा सुरू केली, तेव्हा पावसाळ्यात तेथे चिखल होई म्हणून विमाने पुण्याला हलवली जात. त्या काळी साधने तुटपुंजी होती, पण ऋतू पाहून बेत आखला जात होता. धाराशिवसह राज्यातील धावपट्ट्यांचे नवे करार जेव्हा लिहिले जातील, तेव्हा धावपट्टीची लांबी आणि दिवे यांच्या जोडीने बांधणीच्या कड्यांची संख्या, त्यांची वार्षिक ओढ-चाचणी आणि ती करणाऱ्या संस्थेचे नाव ही कलमे त्यात असायला हवीत. वळीव दरवर्षी एप्रिलमध्ये येतो. निविदेच्या तारखा त्याआधीच्या ठेवता येतील.