गेलेल्या दातांच्या जागी काय? वैद्याने द्यावयाचे उत्तर

दंतरोपण अर्थात इम्प्लांट हा विषय आपल्या त्रैमासिकात कशासाठी, असा प्रश्न काही वैद्यबंधू-भगिनींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु दंतवैद्याने लिहून दिलेला खर्चाचा कागद हाती घेऊन रुग्ण दुसऱ्या मतासाठी येतो, तो बहुधा आपल्याकडेच. घरातील सर्वांच्या प्रकृती आपणांस ठाऊक असतात, म्हणून तो विश्वासाने विचारतो. अशा वेळी आपल्यापैकी काही जण "धातूचा खिळा हाडात कशाला ठोकून घेता?" असे म्हणून मोकळे होतात, तर काही जण "दंतवैद्य सांगतील तसे करा" एवढेच सांगतात. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत.

प्रथम धातूविषयीच्या आक्षेपाचा विचार करू. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सव्विसाव्या अध्यायात सुवर्ण, रौप्य, ताम्र, पितळ, कथील व शिसे यांची शल्ये शरीरात दीर्घकाळ राहिल्यास पित्ताच्या उष्णतेने विलीन होतात, असे सांगितले आहे. या वचनाचा आधार घेऊन इम्प्लांट टिकणारच नाही असे प्रतिपादन केले जाते. परंतु टायटॅनियम हा धातू अठराव्या शतकाच्या अखेरीस उजेडात आला. त्या यादीत तो असणे शक्यच नव्हते. त्याच्या पृष्ठावर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर तयार होतो व अस्थी त्याला थेट चिकटून वाढते. स्वीडनमधील ब्रॉनेमार्क यांनी १९५०च्या दशकात सशांच्या अस्थींवर प्रयोग करताना हे पाहिले आणि १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे रोपण केले. ते त्या रुग्णाच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकले. जे शरीराला पीडा देते ते शल्य, ही व्याख्या लावली तर अस्थीशी एकजीव झालेले रोपण शल्य ठरत नाही. मात्र भोवतालची हिरडी सुजली, पू येऊ लागला, अस्थी झिजू लागली की तेच शल्य ठरते. हा भेद रुग्णाला समजावून सांगणे आपणांस कठीण नाही.

आता पर्यायांकडे वळू. पहिला पर्याय काहीच न करण्याचा. त्याचे नाव खर्चाच्या कागदावर कधीच नसते, म्हणून तो आपण सांगितला पाहिजे. सर्वांत मागची एखादी दाढ गेली असेल, पुढचे दात व उपदाढा वरखाली नीट मिळत असतील आणि रुग्णाला चावण्यात अडचण नसेल, तर प्रत्येक रिकामी जागा भरलीच पाहिजे असे नाही. हॉलंडमधील कायझर यांनी १९८० च्या सुमारास हाच विचार मांडला. जपानने १९८९ मध्ये ऐंशीव्या वर्षी वीस दात राखण्याचे जे ध्येय ठेवले, त्यातही बत्तीसचा आग्रह नाही, हे ध्यानात घ्यावे. मात्र मधली दाढ गेल्यावर शेजारचे दात त्या पोकळीकडे कलतात आणि समोरचा दात लांबून बाहेर येतो. तेथे स्वस्थ बसणे योग्य नव्हे.

ब्रिजसाठी दोन्ही बाजूंचे दात घासून लहान करावे लागतात. ते दात निरोगी असतील तर आम्हांस हा सौदा महाग वाटतो. परंतु त्यांवर आधीच कॅप असेल किंवा ते मोठ्या प्रमाणात भरलेले असतील, तर ब्रिज हाच सरळ मार्ग होय. शस्त्रकर्म टळते आणि काम काही आठवड्यांत उरकते. सुट्या काही दातांची काढघाल करता येणारी कवळी सर्वांत स्वस्त, पण तिची सवय होईलच असे नाही.

सर्व दात गेलेल्या वृद्धांचा प्रश्न याहून निराळा आहे. वरची कवळी टाळूच्या आधाराने बसते. खालची मात्र जिभेच्या प्रत्येक हालचालीबरोबर उचलली जाते. मग आजीबाई ती डबीत ठेवतात आणि वरण-भातावर दिवस काढतात. अग्नी चांगला असूनही केवळ चर्वण होत नाही म्हणून आहार निकृष्ट होतो. अशांसाठी खालच्या जबड्यात पुढील बाजूस केवळ दोन इम्प्लांट घालून त्यांवर कवळी अडकवणे हा उपाय आहे. २००२ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी हाच प्रथम पर्याय मानावा असे मत दिले. सहा-आठ इम्प्लांटांच्या खर्चाने घाबरून परतलेल्या कुटुंबाला हे कोणी सांगितलेलेच नसते. आपण सांगावे.

"तीन दिवसांत पक्के दात" अशा जाहिराती आता तालुक्याच्या गावांतही दिसतात. रूढ पद्धतीत खालच्या जबड्यात सुमारे तीन आणि वरच्या जबड्यात सुमारे सहा महिने थांबून मग दात बसवीत. आता निवडक रुग्णांत लवकर भार देता येतो, हे खरे. परंतु ते अस्थीची घनता, इम्प्लांटची प्रारंभिक पकड व रुग्णाच्या सवयी यांवर अवलंबून आहे. जाहिरातीत रुग्ण निवडावा लागतो ही गोष्ट लिहिलेली नसते. उलटपक्षी, दात काढल्यानंतर वर्षानुवर्षे थांबणेही हिताचे नाही. पहिल्या वर्षातच त्या जागेच्या अस्थीची रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते. मग अस्थी भरण्याचे किंवा वरच्या जबड्यात सायनसचा तळ उचलण्याचे जादा शस्त्रकर्म मागे लागते. धातू नको म्हणणाऱ्यांना झिरकोनियाचे इम्प्लांट सुचविले जाते. ते पांढरे असते, हा लाभ खरा. पण टायटॅनियमइतका दीर्घ अनुभव त्याच्या पाठीशी नाही आणि टायटॅनियमची खरीखुरी ॲलर्जी दुर्मीळ आहे.

वैद्याचे खरे काम रुग्णाच्या इतिहासात आहे. प्रमेहाच्या पूर्वरूपांत दंतमल साचणे सांगितले आहे, हे आपण विद्यार्थिदशेपासून जाणतो. साखर आटोक्यात असेल तर मधुमेह हा दंतरोपणाला अडसर नव्हे. आटोक्यात नसेल तर जखम भरणे लांबते आणि हिरड्या पुन्हा पुन्हा सुजतात. अस्थिक्षयासाठी वर्षातून एकदा दिले जाणारे झोलेड्रॉनिक आम्लाचे इंजेक्शन वृद्ध स्त्रियांच्या स्मरणातही राहत नाही. पण अशा औषधांनंतर जबड्याची अस्थी मृत होण्याचा धोका असतो, म्हणून ते दंतवैद्यास कळलेच पाहिजे. रक्त पातळ ठेवणारी औषधे आपल्या मनाने बंद करावयास सांगू नयेत. आपण दिलेले लशुन वा गुग्गुळाचे कल्प चालू असतील तर तेही लपवू नयेत. मिश्री, तंबाखू व विडी यांची चौकशी स्त्री-पुरुष न पाहता करावी. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली तरी तोंड तीन बोटेही न उघडणारे तरुण आपणांस दिसतातच. तेथे दाढेच्या जागी उपकरण पोहोचणेच अवघड असते.

रोपणानंतर पहिले काही दिवस जोराने कवल-गंडूष करू नये. जखम भरल्यावर तिलतैलाचा गंडूष अवश्य द्यावा, पण तो ब्रश व दोन दातांमधील स्वच्छतेला पर्याय म्हणून नव्हे. शीताद, उपकुश यांची जी लक्षणे आपण नैसर्गिक दातांभोवती पाहतो, तशीच इम्प्लांटभोवतीही पाहावीत. रक्त दिसले की चूर्ण देऊन वाट पाहू नये.

एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. रुग्ण पाठविल्याबद्दल पाकीट देण्याची प्रथा काही ठिकाणी आहे आणि आपल्यातील काही जण ते स्वीकारतात. पाकिटामागे इम्प्लांटची संख्या वाढते, हे न कळण्याइतके आपण भोळे नाही. पाकिटाऐवजी रुग्णाबरोबर पत्र द्यावे: चालू औषधे, साखरेचा अलीकडील अहवाल, व्यसने, आणि शेवटी एक विनंती, की बसविलेल्या इम्प्लांटच्या कंपनीचे नाव, आकार व लॉट क्रमांक रुग्णाला लिहून द्यावा. दहा वर्षांनी स्क्रू सैल झाला आणि मूळ दवाखाना बंद झालेला असला, तर दुसऱ्या दंतवैद्याला त्या चिठ्ठीवाचून जुळणारा भाग शोधत बसावे लागते.