ठिपक्यांना सीमा नसते

सीमाभागात आपण दोन लिप्या घेऊनच मोठे होतो. बसची पाटी कन्नड, देव्हाऱ्यातली पोथी मराठी. पण वाचकहो, अंध मुलाच्या बोटांखाली मराठी ‘क’ आणि कन्नड ‘ಕ’ एकच असतो, हे ठाऊक आहे? १९५१ साली स्वीकारलेल्या भारती ब्रेलमध्ये भारतीय भाषांतल्या समान उच्चारांना शक्यतो समान ठिपके दिले आहेत. पहिला आणि तिसरा ठिपका उमटला, की झाला ‘क’!

कागदपत्रांना मात्र सीमा लागते, अशी आपली समजूत. निपाणीची मुले अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजात जातात. कॉलेज हाकेच्या अंतरावर, पण महाराष्ट्रात, विद्यापीठ कोल्हापूरचे. मग कर्नाटकातला अपंगत्वाचा दाखला तिकडे चालेल का, हा प्रश्न पालकांना पडतोच. चालतो. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ नुसार हा दाखला देशभर ग्राह्य आहे. त्याच कायद्याने अपंगत्व किमान ४० टक्के असलेल्यांसाठी सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत निदान ५ टक्के जागा राखीव आहेत, शिवाय वयात ५ वर्षांची सूट आहे.

खरी अडचण प्रवेशानंतर सुरू होते. ओळखीच्या एका अंध मुलीची आई मला म्हणाली, “ताई, पोरगी हुशार हाय, पण पेपर लिवायला माणूस गावंना. मराठी येणाऱ्याला कन्नड येत न्हाई, कन्नड येणाऱ्याला मराठी.” २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत लेखनिकाची सोय आणि तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ सांगितला आहे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. पण लेखनिकाला भाषाच कळली नाही, तर त्या तासाचा काय उपयोग?

नोट्सचेही तसेच. एनव्हीडीए हे २००६ पासूनचे मोफत सॉफ्टवेअर संगणकावरचा मजकूर वाचून दाखवते, मराठीही आणि कन्नडही. मात्र मजकूर युनिकोडमध्ये हवा. जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेले त्याला कळत नाही आणि झेरॉक्सचा नुसता फोटो तर ते वाचूच शकत नाही. युनिकोडमधली फाईल द्यायला प्राध्यापकांना खर्च काहीच नाही, फक्त आठवण हवी.

म्हणून पालकांना सांगणे एवढेच, की हॉल तिकीट येईपर्यंत थांबू नका. प्रवेशाच्या दिवशीच प्राचार्यांना लेखी अर्ज द्या. कोणत्या भाषेचा लेखनिक, किती जादा वेळ, तळमजल्यावरची खोली हवी का, नोट्स कशा हव्यात, हे सारे त्यात लिहा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

आणि बाकीच्यांनी? आपल्या घरात दोन्ही भाषा वाचणारे कुणी ना कुणी असतेच. निवृत्त अक्का, कॉलेजातला भाचा, शिक्षक असलेले मामा. जवळच्या कॉलेजात लेखनिक म्हणून नाव नोंदवा. तेही जमत नसेल, तर आठवड्याला एक धडा मोबाईलवर वाचून रेकॉर्ड करून द्या. सीमेने आपल्याला दोन भाषा दिल्या. त्यातली एक संध्याकाळ शेजारच्या मुलाच्या पदवीसाठी खर्ची पडली, तर ते उपकार नव्हेत, शेजारधर्मच आहे.