असतं-नसतं आणि फ्रेंच

फ्रेंच घेतलेल्यांची हॉस्टेलवर सध्या एकच रड: कोंदिसिओनेल पासे! म्हणजे घडलं असतं पण घडलं नाही, ते सांगायचा काळ. सगळे तो 'वुड हॅव'वरून घोकतात. आमच्या विंगमधल्या मराठी मीडियमच्या मुली तर इंग्लिशच्याच धास्तीने वर्गात मागे बसतात. माझं मत, आणि हे कॉन्व्हेंटवाली म्हणतेय बरं का, हा काळ मराठीतूनच शिकवावा.

बघा ना. 'ती आली असती' म्हणजे 'एल सरे व्हन्यू'. आपलं 'असणे', त्यांचं 'एत्र्'. 'आला'चं आपण 'आली' करतो, तेही शेवटी एक अक्षर वाढवतात, फक्त ते उच्चारत नाहीत (फ्रेंचच ती!). जाणं-येणं, जन्मणं-मरणं अशा मोजक्या क्रियापदांना आणि स्वतःवर उलटणाऱ्यांना 'एत्र्' लागतं, बाकीच्यांना 'आव्वार': 'झोरे माँझे', मी खाल्लं असतं.

खरी मेख 'जर'मध्ये आहे. 'कळलं असतं तर आले असते', आपण दोन्हीकडे 'असतं' लावतो. फ्रेंचमध्ये 'सी'नंतर हा काळ चालत नाही, तिथे प्लु-क-पार्फे: 'सी झाव्हे स्यू, ज सरे व्हन्यू'. मार्क जातात ते इथेच.

आणखी एक गंमत. खात्री नसलेल्या बातमीलाही फ्रेंच वर्तमानपत्रं हाच काळ वापरतात. 'ल मिनिस्त्र् ओरे देमिस्योने' हे वाचून 'वुड हॅव'वाला म्हणणार, मंत्र्यांनी राजीनामा दिला असता. इथे आपलं 'असतं'सुद्धा कामाचं नाही. अर्थ एवढाच, मंत्र्यांनी राजीनामा दिला म्हणे!