सुरीला दिसणारी गाठ

“असलं फुफ्फुस बाजूला टाकायचं आणि पुढचं जनावर घ्यायचं,” मोहल्ल्यातले एक चाचा मला सांगत होते. त्यांचं उभं आयुष्य कत्तलखान्यात गेलं. पिवळसर, पनीरसारख्या, कधी सुरीखाली कचकचणाऱ्या गाठी त्यांनी कितीदा पाहिल्या. हा टीबी असू शकतो, असं मी म्हणालो तेव्हा ते आपल्या बोटांकडे पाहत राहिले. इतक्या वर्षांत हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं.

जनावरांचा टीबी मायकोबॅक्टेरियम बोव्हिस आणि त्याच्या भाऊबंद जंतूंमुळे होतो. तो माणसालाही होतो. कच्च्या दुधातून, श्वासातून, क्वचित हाताच्या जखमेतून. नीट शिजवलेल्या मांसात हे जंतू मरतात. म्हणजे खाणाऱ्यापेक्षा कापणाऱ्याला धोका अधिक. आणखी एक गोष्ट: बोव्हिसवर पायराझिनामाइड हे टीबीचं नेहमीचं औषध चालत नाही आणि थुंकीच्या नेहमीच्या तपासणीत टीबी कळला तरी तो जनावराचा की माणसाचा, हे कळत नाही. म्हणून डॉक्टरला आपलं काम सांगणं गरजेचं आहे.

नियम आहेत. २००१ च्या कत्तलखाना नियमांनुसार एका पशुवैद्यकाने तासाला १२ आणि दिवसाला ९६ पेक्षा जास्त जनावरं तपासायची नाहीत. अन्न हाताळणाऱ्यांची दरवर्षी वैद्यकीय तपासणी व्हावी, असंही अन्नसुरक्षा नियम सांगतात. पण विनापरवाना जागेत, रोजंदारीवर राबणाऱ्या पोरापर्यंत यातलं काय पोहोचतं?

“हा विषय काढू नका, धंद्याची बदनामी होईल,” असं मला काही जण म्हणाले. राज्यात गायींसोबत २०१५ पासून बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हशी-रेड्यांवर पोट असणारी माणसं आधीच धास्तावलेली आहेत. त्यांची भीती मला कळते. पण आपल्या गप्प बसण्याची किंमत आपलाच भाऊ छातीत साठवतो. आपण हलालबद्दल बोलतो. त्याच्या जोडीने येणारा ‘तय्यब’ हा शब्द मात्र विसरतो. स्वच्छता मांसाची हवी, तशी कामगाराच्या जिवाचीही हवी.

दोस्तांनो, मोठी चळवळ नंतर करू. या आठवड्यात ओळखीच्या एका कामगाराला भेटा. हातमोजे घाल, जखम झाकून ठेव, गाठी दिसल्या तर पशुवैद्यकाला दाखव, असं सांगा. दोन आठवडे खोकला असेल तर त्याच्यासोबत सरकारी दवाखान्यात जा. तिथे तपासणी आणि औषधं मोफत मिळतात, उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १,००० रुपयेही मिळतात.

रोग सगळ्यांत आधी ज्याच्या सुरीला दिसतो, त्याला त्याचं नाव तरी माहीत असायला हवं.