नेम

श्रावणात इंग्लंडातून पुतण्याचा फोन आला. “काका, परसातली दुसरी खार टिपली!”

वाचकहो, मी पडलो मास्तर. उपदेश ओठांवर आलाच. पण पोरगा तयारीचा निघाला. म्हणाला, “या करड्या खारी मुळात इथल्या नव्हेत. 1876 साली कुणा हौशी गृहस्थाने अमेरिकेहून आणून सोडल्या. त्यांच्या अंगातला विषाणू त्यांना बाधत नाही. इथल्या तांबड्या खारींना मात्र मारतो. त्यांना मारायला कायद्याची आडकाठी नाही. पण हाल होता कामा नयेत. एका छर्ऱ्यात जीव गेला पाहिजे. म्हणून मी रोज पुठ्ठ्यावर नेम धरतो.”

मी गप्प झालो. बाराव्या वर्षी मामाच्या परसात मीही छर्ऱ्याची बंदूक धरली होती. निमित्त काय, तर खारी पेरू कुरतडतात! साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा आणि नेम कच्चा. खार मेली नाही. मागचा पाय ओढीत आढ्यात शिरली. तिच्या तोंडात पेरू नव्हताच. गादीतला कापूस होता. दोन दिवस आढ्यातून बारीक चिरचिर येत राहिली. तिसऱ्या दिवशी थांबली. आजी मला काही बोलली नाही. त्या वर्षी तिने पेरू मात्र उतरवू दिले नाहीत.

पुतण्याला उपदेश केला नाही. एवढेच विचारले, “घरट्यात पिल्ले असायचे दिवस नाहीत ना रे हे?”

पलीकडून बराच वेळ उत्तर आले नाही.