अंगारा नाकारला, गोळी का नाही?

देव्हारे काढून टाकले, अंगारा नाकारला, याचा आम्हाला अभिमान आहे. मग विहारात कालामसुत्त ऐकणारा माझा बांधव घरी जाऊन होमिओपॅथीच्या साखरेच्या गोळ्या का चघळतो? ‘३० सी’ म्हणजे मूळ द्रव्य शंभरपट पातळ करायचे, तेही ३० वेळा. १२ वेळा केल्यावरच त्याचा एखादा रेणू उरण्याची आशा संपते. पण पाण्याला म्हणे आठवण राहते! गटाराची नाही राहत वाटतं?

सर्दी आपोआप जाते, श्रेय गोळीला मिळते. टीबी तसा जात नाही. वस्तीतल्या एका ताईंनी सहा महिन्यांचा कोर्स दुसऱ्याच महिन्यात सोडला, ‘गरम पडतो’ म्हणून. आता नेहमीची औषधे लागू पडत नाहीत. गोळ्या देणारा अजून त्याच गल्लीत बसतो.