समुपदेशकाचे पाय जमिनीवर, म्हणजे कुठे?

नाशकात मानसिक आघाताचा विषय काढला की दोन तऱ्हेची माणसं हमखास भेटतात. एक म्हणतो, "ही सगळी पोट भरलेल्यांची दुखणी. आमच्या पणजीनं प्लेगात चार लेकरं गमावली. तिच्याकडे कोण आलं होतं समुपदेशन करायला?" दुसऱ्यानं नुकतंच एखादं ऑनलाइन सर्टिफिकेट मिळवलेलं असतं. त्याच्या लेखी बॉसनं आवाज चढवला तरी तो 'ट्रॉमा', आणि त्यावर उपाय एकच : आतलं सगळं ताबडतोब बाहेर काढा. माझं भांडण दोघांशी आहे. पहिल्याशी जरा जास्त, कारण त्याच्या बाजूला माणसं पुष्कळ आहेत आणि त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे.

खऱ्या अर्ध्याबद्दल आधी बोलू. अपघात, स्फोट, भूकंप, चेंगराचेंगरी यांतून वाचलेले बहुतेक लोक काही आठवड्यांत आपले आपण सावरतात. मानसोपचाराची पाठ्यपुस्तकंही हेच सांगतात, आणि म्हणूनच लक्षणं महिनाभर टिकल्याशिवाय आघातोत्तर तणाव विकाराचं, म्हणजे पीटीएसडीचं, निदान करत नाहीत. सावरण्याची काही व्यवस्था समाजानं पूर्वीपासून लावून ठेवली आहे, हे तर नाशिककराला कुणी सांगायला नको. रामकुंडावर रोज कुठून कुठून माणसं अस्थी घेऊन उतरतात. अवेळी गेलेल्यांसाठी त्र्यंबकेश्वरी नारायण नागबळी होतो. दहाव्या-तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं, शेजारून पिठलं-भाकरी येते, रडणाऱ्या बाईच्या मांडीला मांडी लावून कुणी ना कुणी बसलेलं असतं. विधींवर श्रद्धा असो वा नसो, त्यांनी शोकाला जागा, वेळ आणि सोबत दिली हे मान्यच करायला हवं.

पण मग २१ एप्रिल २०२१ चं काय करायचं? महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात त्या दिवशी ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा तुटला आणि २२ रुग्ण दगावले. कितीतरी नातेवाइकांनी ते डोळ्यांदेखत पाहिलं. करोनाचे ते दिवस असे होते, की अंत्ययात्रेला माणसं मोजून न्यायची, शेजारी दाराआडून हळहळायचे, भेटायला येणाऱ्यालाच धास्ती वाटायची. पणजीजवळ जे होतं, नेमकं तेच या माणसांजवळ नव्हतं. "आपल्याकडे माणसं असतात" असं अभिमानानं म्हणताना ती नसतात तेव्हा काय, याचंही उत्तर द्यावं लागतं. तसंच, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपानं किल्लारी परिसर हादरल्यावर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. घरं पक्की मिळाली, रस्ते रुंद आणि सरळ मिळाले, पण जुन्या गल्लीतली ओट्याला लागून ओटा ही रचना आखणीत बसली नाही. आपत्ती माणसं नेतेच, पण उरलेल्यांना सावरणारी घडीही पुष्कळदा विस्कटून जाते. "काळ हेच औषध" म्हणणाऱ्याच्या हिशेबात ही दुसरी हानी धरलेलीच नसते. काळाबरोबर कुणीतरी सोबतीला बसलेलं असेल, हे त्यानं गृहीत धरलेलं असतं.

आता दुसरे गृहस्थ. त्यांचा आग्रह असा, की घटना घडताच सगळ्यांना बसवावं आणि काय पाहिलं, काय वाटलं ते बोलायला लावावं. हे खूळ त्यांच्या डोक्यातून निघालेलं नाही. अमेरिकेत जेफ्री मिचेल या माणसानं १९८३ मध्ये अशी पद्धत मांडली. मिचेल स्वतः अग्निशमन दलात आणि रुग्णवाहिकेवर काम केलेला. पद्धत त्यानं आखली ती आपल्यासारख्याच जवानांच्या गटांसाठी. लोकांनी ती उचलली आणि सरसकट सगळ्यांवर लावली. पुढे तिची परीक्षा झाली. ब्रिटनमध्ये भाजलेल्या रुग्णांवरचा एक अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. तेरा महिन्यांनी पाहिलं तर ज्यांना असं बोलतं केलं होतं त्यांच्यात पीटीएसडीचं प्रमाण २६ टक्के निघालं, ज्यांना केलं नव्हतं त्यांच्यात ९ टक्के. बोलतं केलेल्यांची अवस्था मुळातच थोडी अधिक वाईट होती, तेव्हा सगळं खापर पद्धतीवर फोडता येणार नाही. पण २००२ मध्ये वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यानं असे सगळे प्रयोग एकत्र तपासले आणि आघातग्रस्तांना सक्तीनं असं बोलायला लावणं बंद करावं, असाच निष्कर्ष काढला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचार पुस्तिकेत मग काय उरलं? पाहा, ऐका, जोडा. कुणाला काय हवं आहे ते पाहा, बोलायचं असेल तर ऐका, नसेल तर उकरू नका, आणि घरच्यांशी, दवाखान्याशी, सरकारी मदतीशी त्याची गाठ घालून द्या. म्हणजे पाणी, पांघरूण, फोनचं चार्जिंग, हरवलेल्या नातेवाइकाचा पत्ता, मृत्यूचा दाखला, मदतीचा अर्ज. पाय जमिनीवर असलेलं समुपदेशन ते हेच. मी जर एखाद्या आपत्तीत सापडलो, तर माझ्या भावनांची चौकशी करणाऱ्यापेक्षा तहसील कचेरीत कुठल्या खिडकीवर जायचं हे ठाऊक असलेला माणूस मला पहिल्या दिवशी जास्त जवळचा वाटेल.

इथे एक लोकप्रिय समज आडवा येतो : ज्यानं स्वतः सोसलं तोच खरा समुपदेशक. ज्याचं जळतं त्याला कळतं, ही म्हण लगेच तोंडावर फेकली जाते. मान्य, पण ज्याचं जळतं त्याला स्वतःचं जळलेलं कळतं, दुसऱ्याचं नव्हे. मिचेलचंच पाहा. आग त्यानं जवळून पाहिली होती, हेतू शुद्ध होता, तरी त्याची पद्धत भलत्यांवर लावल्यावर लाभ सिद्ध झाला नाही, उलट अपाय होत असल्याच्या खुणा दिसल्या. त्याच्या समोर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसला ठेवून पाहावं. एलिस लहानपणी मूत्रपिंडाच्या दुखण्यानं वारंवार रुग्णालयात असे आणि विशीला आला तरी मुलींशी बोलायला त्याला धडकी भरत असे. एकोणिसाव्या वर्षी त्यानं स्वतःला नेम घालून दिला : न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की शेजारी बसायचं आणि बोलायचं. शंभरएक जणींशी तो बोलला. एकीनं पुन्हा भेटायचं कबूल केलं, तीही आली नाही. पण भीती गेली. या अनुभवाचं त्यानं भांडवल केलं नाही, त्यातून पद्धत घडवली, १९५५ पासून ती विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणून लोकांसमोर ठेवली आणि टीकेला तोंड देत सुधारत नेली. मराठी मुलखात ती आली ती मुख्यतः मुंबईच्या कि. मो. फडके यांच्यामुळे. एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून त्यांनी ती आत्मसात केली, मराठीत लिहिली, शिकवली. ठाण्याच्या 'आयपीएच' या मानसिक आरोग्य संस्थेत डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती घराघरांत पोचेल अशा भाषेत आणली.

आणि पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र. १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ते सुरू केलं. अनिताताई येरवड्याच्या मनोरुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञ. व्यसनातून बाहेर आलेले किती तरी मित्र तिथे समुपदेशक झाले. 'सोसलेला तोच समुपदेशक' म्हणणारे मुक्तांगणचा दाखला हटकून देतात आणि नेमकी अर्धी गोष्ट विसरतात. त्या माणसांच्या पाठीशी प्रशिक्षण होतं आणि चूक दाखवणारी वडीलधारी नजर होती. भूतकाळामुळे त्यांना पेशंटच्या शेजारी बसता आलं. बसून काय बोलायचं, हे मात्र शिकावं लागलं.

आता आणखी एक आक्षेप, आणि तो येतो पदवीधरांकडून. आशाताई, शिक्षिका, ग्रामसेवक यांच्या हाती आघातासारखं नाजूक काम कसं द्यायचं? साधं समुपदेशन म्हणजे गरिबांसाठी दुय्यम माल, असा त्यांचा सूर असतो. त्यांना प्रथम नकाशा दाखवावा. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार, नाशिक त्यांत नाही. बंगळुरूच्या निम्हान्सनं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत महाराष्ट्रच नव्हता. आपल्याकडचं दुखणं आपण त्या मोजपट्टीवर मोजलेलंही नाही. ज्या राज्यांत मोजलं, तिथे उपचार न मिळालेल्यांचं प्रमाण आजारागणिक ७० ते ९२ टक्के निघालं. सुरगाण्याच्या पाड्यावर कोकणा बोलणारी, बागलाणात अहिराणी, मालेगावात उर्दू बोलणारी बाई "घाबरं होतं, छातीत धडधडतं, दार वाजलं की दचकायला होतं" हे आपल्या बोलीत सांगते, तेव्हा ते समजणारा पदवीधर किती मैलांवर आहे?

नकाशा हे मात्र उत्तर नव्हे. तज्ज्ञ नाहीत म्हणून कुणीही चालेल, असं कुणी म्हणू लागला तर मी पदवीधरांच्या बाजूनं उभा राहीन. उत्तर पुराव्यात आहे. गोव्यात 'संगाथ' या संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत स्थानिक, पदवी नसलेल्या समुपदेशकांना शिकवून तयार केलं. तीव्र नैराश्यावर त्यांनी सहा ते आठ बैठकांत दिलेल्या उपचाराचा गुण आला आणि ते निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. पण ते नैराश्य झालं, आघाताचं काय? त्यासाठी काँगोत जावं लागतं. लैंगिक अत्याचार सोसलेल्या ४०५ स्त्रियांवरचा तिथला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. काही गावांत स्थानिक कार्यकर्त्यांनी मायेनं आधार दिला, काही गावांत तशाच स्थानिक कार्यकर्त्यांनी शिकून घेतलेली, विचार तपासायची पद्धत गटात वापरली. बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून लेखी गृहपाठ गाळला आणि मुद्दे पाठ करून घेतले. सहा महिन्यांनी नुसता आधार मिळालेल्यांपैकी ४२ टक्के जणींत नैराश्य वा चिंताविकाराची लक्षणं उरली होती, पद्धत मिळालेल्यांत ९ टक्के. पीटीएसडीचा कलही तसाच.

या एका अभ्यासानं माझ्या तीन प्रतिपक्षांची कोंडी होते, असं मला वाटतं. पदवीधरांना तो सांगतो की पदवी नसलेला माणूस हे काम करू शकतो. पणजीवाल्यांना आणि सोसलेपणवाल्यांना सांगतो की माया लागते, पण तेवढ्यानं भागत नाही.

विचार तपासायची ही पद्धत म्हणजे काय, ते नाशकातल्या माजघरात आणून बघू. समजा, एक बाई आहे. नवऱ्याला तिनंच हट्टानं एका रुग्णालयात नेलं आणि तिथे तो दगावला. तीन वर्षं ती एकच वाक्य घोळवते आहे : मीच त्यांना तिथे नेलं. घरचे म्हणतात, "अगं, तुझा काय दोष, देवाची मर्जी." ती मान हलवते, वाक्य जागचं हलत नाही. समुपदेशक ताई हे वाक्य खोडून काढायला धावत नाही, आधी त्याची उलटतपासणी करते. त्या दिवशी किती ठिकाणी फोन केले होते? दुसरीकडे खाट मिळत होती का? तिथे काय घडणार, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? मग तेव्हा तुमच्या हातात असलेल्या माहितीवर दुसऱ्या बाईनं काय केलं असतं? बाई स्वतःच उत्तरं देते, आणि अपराधाची जागा हळूहळू दुःख घेतं. दुःख राहतंच, ते कुणी काढून घेऊ नये. याला परदेशी शब्दांची गरज पडत नाही, वातानुकूलित खोलीची तर नाहीच. लागतो तो कोणता प्रश्न कधी विचारायचा याचा सराव. आणि बाई जीव द्यायच्या गोष्टी बोलू लागली, तर पुढे कुणाकडे पाठवायचं हे ठाऊक असावं लागतं.

अनाडी समुपदेशकांचा सुळसुळाट आहेच. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी पुनर्वसन परिषदेकडे होते, पण 'काउन्सेलर' ही पाटी लावायला आजवर फारसं काही लागलेलं नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्यानं या क्षेत्राला चौकटीत आणायची सोय केली आहे. ती चौकट उभी राहीपर्यंत गिऱ्हाइकानंच विचारावं : शिकलात कुठे, आणि तुमच्या कामावर नजर कोणाची? दुसऱ्या प्रश्नावर जो चिडेल त्याच्याकडे जाऊ नये.

आता पुढचं पाहू. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थात रामकुंडाजवळच्या चिंचोळ्या वाटेवर चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. २०२७ मध्ये गोदाकाठी पुन्हा पर्वणी आहे. रस्ते, घाट, कॅमेरे, रुग्णवाहिका यांवर चर्चा होईल आणि व्हायलाच हवी. तिच्यात एक रुक्ष बाब घुसवावी लागेल. काही अघटित घडलंच तर वाचलेल्यांचे, मृतांच्या नातेवाइकांचे आणि बंदोबस्तावरच्या पोलीस, होमगार्ड, सफाई कामगारांचे फोन नंबर त्याच दिवशी कोण टिपणार? महिन्यानं त्यांना एकेक करून फोन कोण करणार, "झोप लागते का?" एवढंच विचारायला? ज्यांना लागत नाही त्यांना जिल्हा रुग्णालयाशी किंवा १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकाशी जोडून कोण देणार? भाविक बिहारचा असेल, तर त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलणारं माणूस त्या फोनवर हवं. या माणसांचं प्रशिक्षण आणि मानधन कुठल्या लेखाशीर्षाखाली, हे सिंहस्थाचा ध्वज उतरल्यावर ठरवून चालणार नाही.